डाव्या बरगडीमागचा भाडेकरू

मित्रांनो, मी जुना आहे एवढं नक्की. बाकी माझ्याबद्दल फारसं काही नक्की नाही. मी सजीव की निर्जीव, यावर तुमचे विद्वान अजून वाद घालतात. मी खात नाही, पीत नाही, श्वास घेत नाही. माणसाच्या शरीराबाहेर उघड्यावर पडलो तर फार काळ तग धरत नाही. पण आत शिरलो की एकाचे हजार व्हायला मला वेळ लागत नाही. तेव्हा मला वस्तू म्हणायचं की प्राणी, ते तुम्हीच ठरवा. मी कांजिण्यांचा विषाणू आहे. बडोद्याच्या दिनकररावांच्या पाठीच्या कण्याशेजारी, डाव्या अंगाला, मज्जातंतूची एक गाठ आहे. तिथे मी गेली साठ वर्षं राहतो आहे आणि घरमालकाला परवापरवापर्यंत माझा पत्ताच नव्हता.

नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. साठ वर्षं एका जागी पडून राहणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला कळायचं नाही. तुम्हाला तासभर वर्गात बसवत नाही. माझा तर जन्मच जाण्यासाठी झालेला. एका नाकातून दुसऱ्या नाकात, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर, हेच माझं काम. आणि मला मिळाली ही कोठडी.

माझी सुरुवात कुठे झाली ते मला सांगता येणार नाही. आमच्यात जन्म म्हणजे नक्कल. मी कुणाची तरी नक्कल, तो आणखी कुणाची तरी. एवढं आठवतं, की पाणीगेटजवळच्या एका शाळेत हेरंब नावाचा मुलगा होता आणि त्याच्या बाकावर दिनू बसायचा. दिनू म्हणजे आमचे दिनकरराव, तेव्हा सहा वर्षांचे. हेरंबला बारीक ताप होता, पण घरात कुणाच्या लक्षात आलं नाही आणि आईनं त्याला शाळेत धाडलं. तो खोकला, दिनूनं श्वास घेतला, आणि मी घर बदललं.

दोनेक आठवडे मी गपचूप काम केलं. मग दिनूला ताप भरला, अंग मोडून आलं, आणि पोटावर लाल ठिपके दिसले. ठिपक्यांचे उंचवटे झाले, उंचवट्यांचे पाण्यानं भरलेले फोड झाले. दिनूची आई पाहून मटकन खाली बसली. मित्रांनो, तो काळ निराळा होता. देवी तेव्हा अजून गावात यायच्या आणि येताना माणसं घेऊन जायच्या. तिला वाटलं, त्याच आल्या.

डॉक्टर आले. त्यांनी दिनूचा सदरा वर केला, तळहात पाहिले, तळपाय पाहिले आणि हसले. त्यांनी जे आईला समजावलं ते तुम्हीही ऐकून ठेवा. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट असतात, तळहातांनाही सोडत नाहीत, आणि सगळे एकाच वयाचे असतात. एकदम उठतात, एकदम पिकतात. माझं तसं नाही. मी पोट आणि पाठ धरतो, तळहात बहुधा सोडून देतो, आणि रोज नवी तुकडी पाठवतो. त्यामुळे एकाच पाठीवर कुठे ठिपका, कुठे फोड, कुठे खपली, असं सगळं एका वेळी दिसतं. लोक आम्हाला बहिणी समजत, पण देवीचं घराणं वेगळं, माझं वेगळं. आज देवी जगातून उठल्या. तुमच्या लशीनं त्यांना उठवलं. दोन प्रयोगशाळांच्या बर्फात काय ते त्यांचे नमुने उरलेत, असं ऐकतो.

डॉक्टर गेले तरी आईनं आपलं सोडलं नाही. घरात पाहुणी आली म्हणून तिनं फोडणी बंद केली. अंथरुणावर कडुनिंबाचा पाला पसरला. शेजारच्या गुजराती बा म्हणाल्या की हे अछबडा, म्हणजे कांजिण्याच, आहेत, शीतळामातेला नवस बोला, आणि आई तोही बोलली. चार वर्षांनी मोठी बहीण कौशल्या भावाजवळ बसून त्याला वारा घालायची. तिलाही मी सोडलं नाही. तिला आल्या तेव्हा आईनं दोघांची अंथरुणं शेजारी घातली. फोडणीशिवायचं वरण खाऊन दोघं कंटाळली, आणि मी मात्र देव होऊन बसलो होतो. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पण मान फार दिवस टिकत नाही. दिनूच्या रक्तात पहारेकरी तयार झाले. माझी ओळख त्यांना पटली, आणि त्यांनी मला त्वचेवरून हुसकून लावलं. दिनूच्या कपाळावर एक खड्डा तेवढा माझी आठवण म्हणून राहिला. मी मज्जातंतूची वाट धरली आणि आत, पार कण्यापर्यंत पळालो. तिथल्या गाठीत दडलो. पहारेकरी दाराशी येऊन बसले. तेव्हापासून ते तिथे आणि मी इथे.

आमच्या घराण्याची ही रीतच आहे. काही विषाणू येतात, गोंधळ घालतात आणि जातात. आम्ही आलो की जात नाही. दिनकररावांच्याच चेहऱ्याच्या मज्जातंतूत माझा एक चुलतभाऊ राहतो. त्यांना जरा ताप आला, उन्हात फिरणं झालं, की हा ओठाच्या कोपऱ्यावर जर, म्हणजे तापाचे बारीक फोड, उठवून मोकळा होतो. मग चार दिवस दिनकरराव चहा पिताना तोंड वेडंवाकडं करतात. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याला वर्षातून दोनदा बाहेरची हवा मिळते, आणि मी त्याच घराण्यातला, मी मात्र अंधारात.

घराण्याचं निघालंच आहे तर सांगतो, कारण तुम्ही सगळ्यांना एकच समजता. आमच्यातला प्रत्येक जण पोटात एक पोथी घेऊन हिंडतो. त्या पोथीत आपल्यासारखा दुसरा कसा करायचा एवढंच लिहिलेलं असतं. कुणाची पोथी डीएनएची, कुणाची आरएनएची. माझी डीएनएची, देवीची डीएनएची, हातावर चामखीळ आणणाऱ्याचीही डीएनएची. आरएनएवाले संख्येनं मोठे आणि स्वभावानं चंचल. नक्कल करताना चुका फार करतात आणि त्या चुकांवरच जगतात. दुसरी खूण पोशाखाची. कुणी अंगावर चरबीचा झगा घालतो, कुणी उघडाच हिंडतो. मला झगा आहे. ऐटीचा आहे, पण साबण लागला की विरघळतो आणि त्याच्याबरोबर मीही संपतो. उघडे असतात ते चिवट, पाण्यातून, पोटातून कुठेही जातात.

हे सगळे मी पुस्तकात वाचलेले नाहीत. दिनकररावांच्या अंगातून ते येऊन गेले आणि मी गाठीत बसून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकला. फ्लू जवळजवळ दर हिवाळ्यात यायचा. कडकडून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. दरवेळी नवा सदरा घालून यायचा, म्हणून पहारेकऱ्यांना ओळखू यायचा नाही. एका पावसाळ्यात कावीळ आली. ती उघड्या घराण्यातली, खराब पाण्यातून आलेली. आधी अन्नाचा वास नकोसा झाला, मग लघवी गडद, मग डोळे पिवळे. दिनकरराव तेव्हा रिफायनरीत नोकरीला होते. उसाचा रस पिऊन आणि झोपून झोपून बरे झाले. एकदा डासानं डेंगी आणून सोडला. डोळ्यांच्या मागे ठणका, हाडं मोडल्यासारखी, आणि ताप उतरल्यावर लोक बरं वाटलं म्हणतात तेव्हाच धोका अधिक. आणि करोना तर तुम्ही पाहिलाच आहे. त्याच्याबद्दल मी काय सांगू?

हे सगळे आले आणि गेले. मी मात्र होतो तिथेच. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं ऐकून माझी चुळबुळ वाढायची. दारावर जाऊन पाहायचो. पहारेकरी जागेच असायचे.

आता मोहनाचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. मोहना दिनकररावांची एकुलती मुलगी. ती पाच वर्षांची असताना त्यांच्या चाळीवजा सोसायटीत माझ्याच भावंडांची साथ आली. खालच्या मजल्यावरची तीन मुलं ठिपक्यांनी भरली. दिनकररावांच्या कपाळावर खड्डा होता आणि पोरगी त्यांचा जीव की प्राण. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि मोहनाला अलकापुरीला तिच्या प्रेमलामावशीकडे नेऊन सोडलं. साथ ओसरेपर्यंत ती तिथेच राहिली. दिनकररावांची बायको विमल म्हणायची की सगळ्यांना होतात, होऊन जाऊ द्या. पण ते ऐकेनात. पोरीच्या तोंडावर एक डाग पडू दिला नाही, हे ते नंतर कितीतरी वर्षं लोकांना सांगत असत. मी आतून ऐकायचो.

मोहना मोठी झाली, लग्न होऊन सुरतेला गेली. विमल गेली. ती गेली तेव्हा दिनकररावांची झोप गेली, भूक गेली, आणि दाराशी बसलेले पहारेकरी पेंगू लागले. तेव्हाच मी उठलो असतो. पण मोहना महिनाभर येऊन राहिली, त्यांना वेळेवर जेवायला घातलं, आणि पहारा पुन्हा सावध झाला. मी चरफडत पडून राहिलो.

मग यंदा मोहनाला दिवस गेले. नोकरी सांभाळून ती नववा लागल्यावर बाळंतपणाला माहेरी येणार होती. आता माहेरी आई नाही. मग दिनकररावच आई झाले. त्यांनी खोली रंगवून घेतली, पंखा बदलला, भर उन्हात खंडेराव मार्केटला चार चार खेपा घातल्या. खारीक, डिंक, सुंठ, आणलं ते पुन्हा जाऊन बदललं. कौशल्याताई मदतीला मांजलपूरहून येऊन राहिल्या. त्या ओरडायच्या की अरे, तू आता सहासष्ट वर्षांचा आहेस, तुझं बाळंतपण नाहीये. दिनकरराव हसायचे आणि पुन्हा बाहेर पडायचे. दमून येत, अर्धी पोळी खात, पहाटेपर्यंत काळजी करत पडत.

एका पहाटे मी दाराशी गेलो आणि पाहिलं, तर पहारा सुटलेला.

काय सांगू मित्रांनो, साठ वर्षांचं बसून राहणं एकदम अंगातून निघालं. मी नकला काढत सुटलो. हजारोंनी मी त्या मज्जातंतूतून बाहेरच्या दिशेनं धावलो. दिनकररावांना डाव्या बाजूला पाठीपासून छातीपर्यंत आग झाली. सदऱ्याचा स्पर्श सहन होईना. त्यांना वाटलं, हृदय. त्यांनी गुपचूप जाऊन हृदयाचा आलेख काढून घेतला, तो साफ निघाला, आणि ते निश्चिंत होऊन घरी आले. कौशल्याताईंनी ओव्याचा शेक दिला. कुणालाच माझी शंका आली नाही. मग दोन-तीन दिवसांनी बरगडीवर लाल पट्टा उठला आणि पट्ट्यावर फोडांचे घोस.

कौशल्याताईंनी पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, नागीण आहे.

आता हे नाव माझंच. लहानपणी मी कांजिण्या, म्हातारपणी मी नागीण. पण घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. नागिणीबद्दल मात्र सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ती पाठीकडून निघते, छातीकडे सरकते, आणि तिचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस आटोपतो. मला ऐकून हसू यायचं. माझा पट्टा कण्यापासून छातीच्या मध्यापर्यंत. ज्या मज्जातंतूत मी राहतो त्याची हद्दच तेवढी. पलीकडची बाजू दुसऱ्या मज्जातंतूची. मी वेटोळं पुरं करायचं ठरवलं तरी मला ते जमायचं नाही. पण दिनकरराव घाबरले. मरणाला नव्हे. नातवंडाचं तोंड पाहण्याआधी मरायला घाबरले.

डॉक्टरांकडे जावं, असं त्यांच्या मनात होतं. कौशल्याताई आड आल्या. त्यांच्या सासरी कुणाला तरी नागीण झाली होती, इंजेक्शन दिलं आणि ती चवताळली, असं त्यांनी पाहिलं होतं. त्यांना भावाचं भलंच करायचं होतं, हे मी शपथेवर सांगेन. त्या मार्केटजवळून नागिणीवर लावायला गेरू घेऊन आल्या. आणि मग त्यांना तो उपाय सुचला. गरोदर बाईची सावली पडली की साप आंधळा होतो आणि जागचा हलत नाही, ही समजूत या घरात मी दिनूच्या लहानपणापासून ऐकत आलो होतो. मोहना दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती.

“दिनू, देवानंच पाठवली बघ तिला,” त्या म्हणाल्या. “दिवेलागणीला तिला तुझ्यासमोर बसवू. तिची सावली पडू दे, आणि तिच्याच बोटानं नागिणीच्या तोंडापुढे गेरूची रेघ ओढू दे. पुढे सरकायचीच नाही ने ती.”

मित्रांनो, हे ऐकलं आणि मी सगळाच्या सगळा त्वचेकडे धावलो.

तुम्हाला कळतंय ना? ज्या एका माणसाला माझ्यापासून लांब ठेवायला हवं, तिलाच ते प्रेमानं माझ्यापुढे आणून बसवणार होते. फोडातलं पाणी म्हणजे मीच. त्याला मोहनाचं बोट लागायचा अवकाश, ते बोट नाकाडोळ्यांना लागायचा अवकाश, की मी तिच्या आत. तिच्या रक्तात माझा एकही पहारेकरी नाही. मोठ्या माणसात मी लहान मुलासारखा सौम्य वागत नाही. गरोदर बाईच्या तर फुप्फुसात उतरतो, तिला धाप लागते. आणि बाळंतपणाच्या आसपास तिला ताप भरला, तर जन्मलेल्या बाळाला तिच्याकडून पहारा मिळायच्या आधीच मी मिळतो. तसली बाळं सगळीच वाचत नाहीत. हे मला माहीत होतं. आणि तरी माझी धाव थांबत नव्हती. थांबणं मला कुणी शिकवलेलंच नाही.

मोहना सकाळी आली. दिनकररावांनी बंद गळ्याचा सदरा घातला होता. आल्याबरोबर ती त्यांच्या पायाशी वाकणार, तर त्यांनीच तिला वरच्या वर थांबवलं. तिला सगळं सांगितलं गेलं. ती म्हणाली की आधी डॉक्टरांना दाखवू. आत्या म्हणाल्या की उद्या दाखव, आज एवढं होऊ दे. मोहना आत्याच्या मनाला लागेल म्हणून गप्प बसली. या घरात माणसं एकमेकांच्या मनाला फार जपतात. दिवसभर मी त्या सदऱ्याखाली तळमळत होतो, आणि दिनकररावांना वाटत होतं की नागीण फणफणते आहे.

दिवेलागणीला देवापुढची समई खाली आणली. दिनकरराव उघड्या अंगानं पाटावर बसले. मोहना कष्टानं खाली टेकली, पोट सावरून. तिची सावली त्यांच्या बरगडीवर पडली. मला त्यानं काही झालं नाही. आत्यांनी गेरूची वाटी तिच्या हातात दिली. तिनं बोट बुडवलं आणि पुढे वाकली. एका फोडाची त्वचा ताणून कागदासारखी झाली होती आणि त्याच्या मागे मी होतो. तिच्या बोटाची ऊब मला लागत होती.

ती वाकून बघत राहिली. मग सहज म्हणाली, “बाबा, हे कांजिण्यांसारखंच दिसतंय. खालच्या मजल्यावरच्या मुलांना आल्या होत्या ना, अशाच. तुम्ही मला स्कूटरवरून घेऊन निघालात तेव्हा ती मुलं खिडकीत उभी होती.”

दिनकररावांच्या छातीत धडधड सुरू झाली. मी तिथेच होतो, मला ती ऐकू आली. नागीण आणि कांजिण्या यांचा काही संबंध असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण पोरीला त्या आल्या नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“मोहना, हात मागे घे,” ते म्हणाले.

आत्या म्हणाल्या की असं अर्धवट सोडू नये. दिनकरराव पाटावरून उठले, भिंतीपर्यंत मागे सरकले आणि सदरा अंगावर ओढून घेतला. त्यांनी मोहनाला साबणानं हात धुऊन बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं. आपल्या बापाचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ती वाटी ठेवून उठली. आणि मी कागदाएवढ्या कातडीमागे राहिलो.

मग त्यांनी डॉक्टर संयोगितांना फोन लावला. या बाई पाणीगेटला दवाखाना चालवतात, विमलच्या आजारपणात घरी येत असत. त्यांनी फोटो मागवला. फोटो पाहून त्या जे बोलल्या ते त्या घरात पहिल्यांदाच कुणी बोललं.

“काका, ही नागीण बाहेरून आलेली नाही. तुमच्या लहानपणच्या कांजिण्या अंगात झोपून होत्या, त्याच उठल्यात. तुम्ही बरे व्हाल. मला एवढंच सांगा, मोहनाला कांजिण्या येऊन गेल्यात का?”

दिनकररावांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “मीच येऊ दिल्या नाहीत.”

जे वाक्य त्यांनी आयुष्यभर अभिमानानं सांगितलं, ते त्या दिवशी त्यांना कबुलीसारखं सांगावं लागलं. डॉक्टरांनी त्यांना दोष दिला नाही. फोडांना हात लागला का, एवढं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी दिनकररावांसाठी गोळ्या लिहून पाठवल्या आणि मोहनाचं समजावलं. फोड थोडाच वेळ उघडे होते, एरवी कपड्याखाली, त्यामुळे धोका कमी; तरी मोहनाचं रक्त तपासायचं, तिच्यावर लक्ष ठेवायचं, आणि शेवटचा फोड सुकेपर्यंत तिनं या घरात राहायचं नाही.

अशी मोहना माहेरी आली त्याच संध्याकाळी माहेरातून निघाली. पुन्हा अलकापुरीला, पुन्हा प्रेमलामावशीकडे. जाताना तिला रडू आवरेना. दिनकरराव आतल्या खोलीच्या दाराआड उभे होते, बाहेर आले नाहीत. रंगवलेली खोली तशीच रिकामी राहिली. दोन दिवसांनी रक्ताचा निकाल आला. माझी ओळख तिच्या रक्तात कुठेच नव्हती.

कौशल्याताई देवापुढे बसून होत्या. आपल्या हातून काय होणार होतं ते त्यांना कळलं होतं. “मी पोरीचं वाईट चिंतेन का,” एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग डॉक्टरांनी सांगितलं की काकांचं करायला कुणीतरी असं हवं ज्याला कांजिण्या येऊन गेल्यात, आणि ताईंची मान वर झाली. त्या तर दिनूच्या शेजारच्याच अंथरुणावर होत्या. त्यांनी गेरूची वाटी घासून टाकली आणि गोळ्यांचा ताबा घेतला. भाऊ झोपला असला तरी हलवून उठवायच्या आणि गोळी द्यायच्या. फोडांवर गुलाबी औषध लावायच्या. वरणाला फोडणी मात्र दिली नाही. दिनकररावांनी विचारलं तर म्हणाल्या, तुला कळत नाही, तू खा.

त्या गोळ्यांनी माझा घात केला. माझ्या पोथीची नक्कल चालू असताना त्या मधेच एक खोटं अक्षर घुसवतात, आणि नक्कल तिथेच अडते. त्या लवकर सुरू झाल्या म्हणून. आणखी चार दिवस गेरूत गेले असते तर मी आटोक्यात राहिलो नसतो. एक एक फोड सुकला, त्यावर खपली धरली. पण मी ज्या वाटेनं धावलो होतो तो मज्जातंतू पोळून निघाला होता, आणि त्याचं दुखणं माझ्यानंतरही राहिलं.

सगळ्या फोडांवर खपल्या धरायच्या आधीच मोहनाला कळा सुरू झाल्या. दवाखाना अलकापुरीतच होता. दिनकरराव रिक्षा करून गेले आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. आत नाही गेले. मुलगी झाली, असं जावयानं फोनवर सांगितलं, आणि वरच्या खिडकीत कपड्याचं एक गाठोडं उचलून धरलं. एवढ्या लांबून त्यांना काही दिसलं नसणार. तरी ते तिथे बराच वेळ उभे होते. बरगडी जळत होती आणि ते रडत होते. मीही त्या जळण्यात होतो, पण ते रडणं माझ्यामुळे नव्हतं.

मोहना दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांनी तिला एक सुई टोचली. त्या सुईत कोण होता माहीत आहे? माझाच एक भाऊ, दुबळा केलेला. पोटात बाळ असताना ती लस देत नाहीत, बाळंतपणानंतर देतात. तो भाऊ तिला कांजिण्या आणणार नाही, फक्त पहारेकऱ्यांना आमचा चेहरा दाखवून ठेवील. म्हणजे तिचं दार मला बंद झालं. मित्रांनो, मी तुमचा हितचिंतक वगैरे नाही, पण ऐका. ज्यांना कांजिण्या आल्या नाहीत त्यांनी ही लस वेळेत घ्यावी. आजी-आजोबांसाठी नागिणीची वेगळी लस निघाली आहे, तिची त्यांच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. आणि घरात कुणाच्या अंगाला एकाच बाजूला पट्टा उठला, तर दिवेलागणीची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि घरातल्या प्रत्येकाला काय येऊन गेलं आणि काय नाही, हे एकमेकांना विचारून ठेवा. आमच्यासारख्यांचं सगळं बळ तुमच्या न विचारण्यात असतं.

शेवटची खपली पडली की नाही, हे कौशल्याताईंनी गच्चीत भावाला उन्हात उभं करून, चष्मा पुसून पुसून पाहिलं. डॉक्टरांनी होकार दिला. मोहना त्याच दिवशी बाळ घेऊन घरी आली. दिनकररावांनी हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले, मग पलंगावर ताठ बसले. मोहनानं बाळ त्यांच्या हातात दिलं आणि बाळाचं डोकं नेमकं डाव्या बरगडीवर टेकलं.

कळ आली. मला माहीत आहे, कारण ती माझ्याच वाटेनं आली. नुसत्या सदऱ्यानं जिथे आग होते, तिथे त्या एवढ्याशा डोक्याचा भार. दिनकररावांच्या कपाळावर, त्या जुन्या खड्ड्यापाशी, घाम आला. कौशल्याताईंना ते दिसलं. त्या म्हणाल्या की अरे, तिला उजवीकडे घे.

“राहू दे,” दिनकरराव म्हणाले.

बाळ झोपलं. तिच्या श्वासाबरोबर ती बरगडी वर-खाली होत होती. दारावर पहारेकरी परत येऊन बसले होते, पण मी दाराकडे गेलो नाही. गाठीत अंग चोरून पडून राहिलो. साठ वर्षांत पहिल्यांदा मला कुठे जावंसं वाटत नव्हतं.